अंगठ्याची दंतकथा आणि धोट्याचा इतिहास



भारतीय वस्त्रकलेच्या थोरवीची साक्ष काढण्यासाठी प्राचीन ग्रंथांपर्यंत जाण्याची आवश्यकता नाही. ती साक्ष इंग्रजांच्या शब्दकोशातच पडून आहे. ‘कॅलिको’ हा शब्द कालिकत बंदराच्या नावावरून आला, ‘चिंट्झ’ आपल्या छिटावरून आला, ‘बंडाना’ बांधणीवरून आला आणि जगभर कामगारांचा पोशाख म्हणून प्रसिद्ध झालेली ‘डंगरी’ मुंबईतल्या डोंगरीवरून आली. माल ज्याचा, नाव त्याचे, हा बाजाराचा जुना नियम आहे. परंतु ज्या देशाने इंग्लंडला कापडाची नावे दिली, तोच देश पुढे लँकेशायरच्या गिरण्यांचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक होऊन बसला. जेमतेम शंभर वर्षांत हा पालट घडला. तो कसा घडला?

या प्रश्नाचे एक ठरावीक उत्तर आपल्या घराघरांतून दिले जाते. इंग्रजांनी ढाक्याच्या मलमल विणणाऱ्यांचे अंगठे तोडले आणि भारतीय वस्त्रकला बुडाली! शाळेतले मूल हे उत्तर पाठ म्हणते, सभेतला वक्ता ते आवेशाने सांगतो आणि श्रोते हळहळतात. हळहळ खरी असते, पण उत्तर तपासून पाहिले पाहिजे. राष्ट्राच्या दुःखाचा हिशेब मांडताना दंतकथेचा आधार घेतला, तर प्रतिपक्ष ती एक दंतकथा खोडून काढतो आणि तिच्याबरोबर सारा खटलाच निकाली काढतो.

अंगठे कोणी तोडले?

या कथेचे मूळ १७७२ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पुस्तकात सापडते. त्याचा लेखक विल्यम बोल्ट्स हा स्वतः ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर होता. खासगी व्यापारावरून त्याचे कंपनीशी बिनसले आणि त्याला बंगालमधून बाहेर काढण्यात आले. म्हणजे हा साक्षीदार दुखावलेला होता, हे ध्यानात ठेवूनच त्याची साक्ष वाचावी लागते. कंपनीचे गुमास्ते विणकरांना कसे बांधून घेत, फटके कसे मारीत, दंड कसा वसूल करीत, याचे वर्णन त्याने केले आहे. त्यातच तो एक गोष्ट नोंदवतो. रेशीम उकलणाऱ्या कारागिरांना त्याने ‘नगाड’ म्हटले आहे. सक्तीच्या कामातून सुटका व्हावी म्हणून या कारागिरांनी स्वतःच स्वतःचे अंगठे कापून घेतल्याचे प्रकार घडले, असे तो सांगतो.

म्हणजे मूळ नोंदीत अंगठे विणकरांचे नाहीत, रेशीम उकलणाऱ्यांचे आहेत. तोडणारा हात इंग्रजाचा नाही, कारागिराचा स्वतःचाच आहे. पण याने अन्याय हलका ठरतो काय? शत्रूने शस्त्र चालवावे, हे समजू शकते. परंतु ज्या अंगठ्याच्या कौशल्यावर पिढ्यान् पिढ्या घर चालले, तो अंगठाच शाप वाटावा आणि कारागिराने तो आपल्या हाताने दूर करावा, ही अवस्था अधिक भयंकर आहे. दंतकथेत एक क्रूर राज्यकर्ता दिसतो. खऱ्या इतिहासात एक क्रूर व्यवस्था दिसते. राज्यकर्ता बदलला की क्रौर्य संपते, असा समज दंतकथेतून होतो. व्यवस्था मात्र समजून घ्यावी लागते.

आगाऊ रकमेचा फास

विणकराला आगाऊ रक्कम देऊन माल विणून घेण्याची पद्धत इंग्रजांनी आणलेली नाही. ती आपल्याकडे पूर्वापार होती. सूत घ्यायला, घर चालवायला पैसा लागतो. व्यापारी तो आधी देई आणि ठरलेला माल नंतर घेई. या व्यवहारात विणकराच्या हाती एक बळ होते. बाजारात गिऱ्हाइके अनेक होती. डच होते, फ्रेंच होते, आर्मेनियन होते, गुजराती आणि उत्तरेकडील व्यापारी होते. एकाचा भाव पटला नाही, तर आगाऊ रक्कम परत करून दुसऱ्याकडे जाता येई.

कंपनीने १७५३ पासून बंगालमधले मध्यस्थ व्यापारी बाजूला सारून आपले पगारी गुमास्ते नेमायला आरंभ केला. पुढे १७५७ मध्ये प्लासी झाली आणि १७६५ मध्ये बंगालची दिवाणी कंपनीच्या हाती आली. खरेदीदार आणि सत्ताधीश एकच झाला. आता कंपनीची आगाऊ रक्कम नाकारण्याची मुभा उरली नाही आणि एकदा ती घेतल्यावर दुसऱ्याला माल विकण्याचीही उरली नाही. भाव गुमास्ता ठरवी, मालाची प्रत तोच ठरवी आणि नाकारलेला तुकडा विणकराच्या माथी मारणाराही तोच असे. विणकर प्रतिकार करीतच नव्हते असे नाही. ते गाव सोडून पळत, चोरून दुसऱ्याला माल विकत, मागच बंद ठेवीत. परंतु ज्याच्याकडे तराजू आणि ज्याच्याकडेच तलवार, त्याच्यापुढे मागावर बसलेला माणूस किती टिकणार?

इथे कलेचा पराभव झाला नव्हता. ढाक्याची मलमल तेव्हाही जगात अद्वितीयच होती. पराभव झाला तो विणकराच्या नाही म्हणण्याच्या अधिकाराचा.

जकातीच्या भिंती

इंग्लंड हा खुल्या व्यापाराचा पुरस्कर्ता देश आहे, असे एकोणिसाव्या शतकात मोठ्या अभिमानाने सांगितले जाई. त्या इंग्लंडचे वर्तन पाहा. भारतीय छिटांनी लंडनच्या बाजाराला वेड लावले, तेव्हा तिथल्या विणकरांनी दंगे केले आणि पार्लमेंटने १७०० साली कायदा करून रंगीत व छापील भारतीय कापडाची आयात बंद केली. तेवढ्याने भागेना, म्हणून १७२१ साली छापील सुती कापड अंगावर घालण्यालाच बंदी केली. आपल्या कारागिराला वाचवण्यासाठी आपल्याच नागरिकाच्या अंगावरचे कापड ठरवणारे हे राष्ट्र होते!

या भिंतीआड इंग्लंडचा सुती धंदा वाढला. तिथल्या यंत्रकारांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. हार्ग्रीव्ह्जची जेनी, आर्कराइटची पाण्यावर चालणारी सूतकताई, क्रॉम्प्टनचे १७७९ चे ‘म्यूल’ यंत्र ही खरोखरच मोठी कामगिरी होती. एक माणूस अनेक चात्यांचे काम करू लागला आणि सूत विलक्षण स्वस्त झाले. यंत्राची शक्ती मान्य न करणे हा कोतेपणा ठरेल. तथापि यंत्राचे रोपटे मोठे होईपर्यंत त्याला कुंपण घालण्याचा अधिकार इंग्लंडला होता. आपल्या झाडाला कुंपण घालण्याचा अधिकार भारताला नव्हता. सगळा फरक एवढाच आणि तो फार मोठा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी इंग्लंडमध्ये जाणाऱ्या भारतीय सुती कापडावर त्याच्या किमतीच्या ७० ते ८० टक्क्यांच्या घरात जकात बसे, हे होरेस हेमन विल्सन या इंग्रज इतिहासकारानेच नमूद केले आहे. ही जकात नसती, तर पेझ्ली आणि मँचेस्टरच्या गिरण्या आरंभीच बंद पडल्या असत्या, असे त्याचे मत होते. उलट भारतात येणाऱ्या इंग्रजी कापडावर नाममात्र अडीच टक्के जकात होती आणि देशी कापडाला मात्र आपल्याच देशात नाक्यानाक्यावर कर भरावा लागे. बंगाल इलाख्यातले हे अंतर्गत कर १८३६ साली उठले. मद्रास इलाख्यात त्यासाठी १८४४ उजाडावे लागले.

परिणाम आकड्यांत स्पष्ट दिसतो. १८१४ साली इंग्लंडला गेलेले भारतीय सुती कापड सुमारे १२ लाख ६६ हजार ठाण होते. १८३५ साली ते ३ लाख ६ हजारांवर आले. त्याच काळात भारतात येणारे इंग्रजी सुती कापड ८ लाख १८ हजार वारांवरून ५ कोटी १७ लाख वारांवर गेले. ढाक्याची लोकसंख्या दीड लाखावरून तीस-चाळीस हजारांवर आली, असे सर चार्ल्स ट्रेव्हेल्यन यांनी १८४० साली पार्लमेंटच्या समितीपुढे सांगितले. ही साक्ष कोणा भारतीय देशभक्ताची नव्हे, कंपनीच्या एका अधिकाऱ्याची आहे.

चरखा अबोल झाला

विणकराविषयी पुष्कळ बोलले गेले. त्याच्या मागे उभ्या असलेल्या सूत कातणारीविषयी फारसे कोणी बोलले नाही. एक माग चालता ठेवायचा, तर अनेक चरखे चालावे लागत. हे चरखे बव्हंशी स्त्रियांचे होते. शेतकऱ्याची बायको दुपारच्या वेळी सूत काती, ब्राह्मणाची विधवाही काती. विशेषतः ज्या स्त्रीला घराबाहेर पडून मजुरी करणे समाजाने अवघड करून ठेवले होते, तिला सन्मानाने चार पैसे मिळवून देणारे हे एकमेव साधन होते. पेळूतून निघणारा धागा हा तिचा आधार होता.

विलायती सुताचा पहिला घाव मागावर बसला नाही, तो या चरख्यावर बसला. १८२८ साली बंगालमधल्या ‘समाचार दर्पण’ या पत्रात शांतिपूरच्या एका सूत कातणाऱ्या विधवेचे पत्र प्रसिद्ध झाले. ऐन तारुण्यात तिचे कुंकू पुसले गेले. पदरात तीन मुली होत्या. तिने सूत कातायला घेतले. विणकर घरी येऊन सूत विकत नेत. त्या मिळकतीवर तिने सासऱ्याचे श्राद्ध केले, मुलींची लग्ने रीतीप्रमाणे लावून दिली. मग विलायती सूत आले आणि विणकर येईनासे झाले. आपल्यापेक्षा दरिद्री अशा कोणत्या स्त्रिया सातासमुद्रापलीकडे आहेत, ज्या इतक्या स्वस्तात सूत पाठवतात, असा प्रश्न तिला पडला. तिला यंत्र ठाऊक नव्हते, म्हणून तिने माणूस कल्पिला, आणि त्या माणसाची तिला कीवही आली! जवळपास शंभर वर्षांनी गांधीजींनी हे पत्र ‘यंग इंडिया’त पुन्हा छापले.

विणकराला स्वस्त गिरणीचे सूत मिळाले, तेव्हा त्याचा काही काळ फायदाच झाला, हेही सांगितले पाहिजे. मात्र त्या घडीपासून त्याच्या धाग्याची दोरी दुसऱ्याच्या हाती गेली. गावातल्या चरख्याशी असलेले त्याचे नाते तुटले आणि सुताचा भाव मँचेस्टर, पुढे मुंबई ठरवू लागली. ताणा परका झाल्यावर केवळ बाणा आपला राहून काय होणार?

कापूस घाट उतरला, कापड घाट चढले

महाराष्ट्रात हा बदल बंगालपेक्षा उशिरा आणि वेगळ्या वाटेने आला. १८१८ साली पेशवाई गेली. दरबार गेला तशी पागोटी, शेले, पैठण्या घेणारी मोठी गिऱ्हाइके गेली. १८५४ साली नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि रेशीमकाठी धोतरे व तलम पागोटी विणणाऱ्या कोष्ट्यांचाही आश्रय तुटला. परंतु जाडेभरडे कापड विणणारा खेड्यातला साळी अजून तग धरून होता. सह्याद्रीची भिंत त्याचे रक्षण करीत होती. बैलाच्या पाठीवरून घाट चढून येणारे विलायती कापड देशावर महाग पडे.

ही भिंत लोहमार्गाने फोडली. १८५३ साली मुंबई-ठाणे गाडी धावली, त्याच वर्षी वऱ्हाडचा कापसाचा मुलूख निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. १८६३ साली बोरघाटाचा चढ पूर्ण झाला, १८६७ साली गाडी नागपूरला पोहोचली. कापूस घाट उतरू लागला आणि कापड घाट चढू लागले. त्यातच १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरचा कापूस तुटला आणि साऱ्यांची दृष्टी वऱ्हाड-खानदेशाकडे वळली. शेतकऱ्याला भाव मिळाला, मुंबईत सोन्याचा धूर निघाला. पण दाराशी पिकलेला कापूस विणकराच्या आवाक्याबाहेर गेला.

मग १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ पडला. दुष्काळात शेतकरी सर्वांत आधी कापड घेणे थांबवतो. धान्य महाग आणि माल पडून, अशा कात्रीत विणकर सापडला. सरकारी दुष्काळी कामे म्हणजे रस्ते आणि खडी फोडणे. ज्या बोटांना केसाएवढा तुटलेला धागा गाठ न दिसेल असा सांधायचा असतो, त्या बोटांना खडी फोडायला लावली, तर ती पुढे मागाला नालायक होतात. हे अखेर सरकारलाही उमगले. पुढच्या दुष्काळात, १८९६-९७ मध्ये, सोलापूरसारख्या ठिकाणी विणकरांना त्यांच्याच मागावर काम देण्याची वेगळी व्यवस्था करावी लागली. अंगठा न कापताही हात निकामी करता येतो, हे या प्रसंगाने दाखवून दिले.

विणकराबरोबर रंगारीही बुडाला. आलच्या मुळ्यांतून निघणारा तांबडा रंग, निळीच्या कुंडातला निळा रंग ही पिढ्यांची विद्या होती. युरोपच्या प्रयोगशाळांतून रासायनिक रंग निघाले, १८९७ साली जर्मन कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि ती विद्या अडगळीत गेली.

अठरा खंडांचे पुस्तक

या साऱ्या कहाणीतला सर्वांत विलक्षण अध्याय रणांगणावर घडला नाही, तो एका कचेरीत घडला. लंडनच्या इंडिया ऑफिसमधील जॉन फोर्ब्स वॉटसन या अधिकाऱ्याने १८६६ साली भारतीय कापडांचा एक संग्रह सिद्ध केला. त्यात अठरा खंड आणि सातशे नमुने. नमुने चित्रांचे नव्हेत, प्रत्यक्ष कापडाचे! भारताच्या कानाकोपऱ्यांतून आणलेली लुगडी, धोतरे, पागोटी, खण कापून त्यांचे तुकडे पानांवर डकवले गेले. सोबत कापडाची लांबी, रुंदी, वजन, किंमत आणि ते कोठले, याची नोंद. अशा वीस प्रती झाल्या. त्यांपैकी तेरा ब्रिटनमध्ये ठेवल्या आणि सात भारतात. हेतू उघड होता. भारतीय माणसाला काय नेसायला आवडते, हे मँचेस्टरच्या कारखानदाराला घरबसल्या कळावे आणि तसे कापड त्याने करून पाठवावे.

पिढ्यान् पिढ्या बापाकडून मुलाकडे आलेल्या आकृती, काठ, रंगसंगती यांचे असे सूचिपत्र तयार झाले आणि त्यासाठी विणकराला कोणी विचारलेही नाही. बाजार जिंकायचा तर आधी आवड जाणून घ्यावी लागते, हे इंग्रजाला पक्के ठाऊक होते. आपल्या कारागिरीची पद्धतशीर नोंद आपण केली नव्हती, ती त्यांनी केली. हा धडा कडू असला तरी घेण्यासारखा आहे.

मात्र त्याच वॉटसनने एक मर्यादाही ओळखली होती. साधे, स्वस्त कापड यंत्र सहज देईल, पण ज्यात काठ आणि पदर मागावरच विणले जातात, त्या वस्त्रांत यंत्राला हातमागाशी स्पर्धा करणे जड जाईल, असे त्याने नोंदवले. पुढच्या सत्तर-ऐंशी वर्षांच्या इतिहासाने ते खरे ठरवले.

विणकर मेला नाही

कार्ल मार्क्सपासून आजच्या वक्त्यापर्यंत अनेकांनी भारतीय विणकराच्या मरणाचे वर्णन केले. हाल झाले, उपासमार झाली, हजारोंनी माग मोडून शेतमजुरी पत्करली, हे सर्व खरे. परंतु विणकर नामशेष झाला, हे खरे नाही. १९४२ साली सरकारी चौकशी समितीचा अहवाल आला, तेव्हा देशात सुमारे २० लाख हातमाग असल्याचे आढळले. इतकेच नव्हे, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हातमागाच्या कापडाचे उत्पादन घटण्याऐवजी वाढले, असे आर्थिक इतिहासाचे अभ्यासक दाखवून देतात.

हे कसे घडले? एक कारण विणकराच्या धडपडीत आहे. तेलंगणातून पद्मशाली बांधव सोलापुरात आले आणि त्यांनी ते नगर मागांच्या आवाजाने भरून टाकले. उत्तरेतून १८५७ नंतरच्या दशकांत आलेल्या मोमीन विणकरांनी मालेगाव-भिवंडीत माग थाटले. साळी, कोष्टी, देवांग यांनी नवी साधने आपलीशी केली. दोरीच्या झटक्यासरशी पळणारा धावता धोटा जॉन केने इंग्लंडमध्ये १७३३ साली शोधला होता. विसाव्या शतकाच्या प्रारंभी तो आपल्याकडे पसरला आणि १९४० च्या सुमारास देशातल्या साधारण एक तृतीयांश मागांवर दिसू लागला. विणकर जुन्याला चिकटून बसला म्हणून मागे पडला, या समजाला हे सणसणीत उत्तर आहे. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी यंत्रमाग बसवला, त्यामागे संस्थानाधिपती बाबासाहेब घोरपडे यांचे प्रोत्साहन होते. देशी गिरण्याही निव्वळ शत्रू नव्हत्या. नागपूरच्या एम्प्रेस मिलसारख्या गिरण्यांचे सूत हातमागावर येऊ लागले आणि विलायती सुतावरचे अवलंबन कमी झाले.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे आणि ते फार कमी वेळा सांगितले जाते. विणकराला वाचवले ते आपल्या घरातल्या स्त्रीने. पुरुषाने विलायती कापडाचा सदरा शिवला, कोट घातला, पागोटे टाकून टोपी घेतली. स्त्रीने मात्र लुगडे सोडले नाही आणि लुगड्यातली आपली निवडही सोडली नाही. नऊवार लांबी हवी, काठ अमुक रंगाचा हवा, पदर तमुक घाटाचा हवा; इरकली वेगळे, नागपुरी वेगळे, पैठणी वेगळी; चोळीला खण गुळेदगुड्डचा. वेगळ्या रंगाचा भरीव काठ विणायचा, तर दोन काठांचे दोन आणि अंगाचा एक असे तीन धोटे हाताने फिरवावे लागतात. एकाच जातीचे हजारो वार कापड काढण्यात ज्या गिरणीचा नफा, तिला प्रत्येक तालुक्याच्या आवडीचे पाच-पन्नास नग काढणे परवडेना. वॉटसनच्या सातशे नमुन्यांना जे पुरून उरले, ते हे वैविध्य होते. सभा, ठराव, भाषणे यांपासून दूर असलेल्या, अक्षरओळखही नसलेल्या स्त्रीने दुकानदाराला “हा काठ नको” असे म्हटले आणि तिच्या नकळत एका विणकराच्या घरची चूल पेटती राहिली.

स्वदेशीचा धागा

हीच गोष्ट जाणीवपूर्वक करण्याचे नाव स्वदेशी. महाराष्ट्रात हा विचार बंगभंगाच्या कितीतरी आधी उगवला. लोकहितवादींनी ‘प्रभाकर’ पत्रातील शतपत्रांतून देशी माल वापरण्याचा उपदेश केला, तो काळ १८४८ ते १८५० चा. सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, यांनी १८७२ साली स्वदेशीचे व्रत घेतले आणि १८७७ च्या दिल्ली दरबारात, राजेरजवाड्यांच्या झगमगाटात, ते हातसुताच्या जाड्याभरड्या पोशाखात जाऊन बसले.

सरकारचे धोरण मात्र उलट दिशेने जात होते. लँकेशायरच्या दबावाखाली १८८२ साली विलायती कापडावरची आयात जकात उठवण्यात आली. पैशाची गरज पडल्यावर ती पुन्हा बसवली, तेव्हा १८९६ साली तेवढाच साडेतीन टक्के कर भारतातील गिरण्यांच्या कापडावर लादला! आपल्याच देशात आपल्याच मालावर, परक्याची समजूत काढण्यासाठी कर! लोकमान्य टिळकांनी त्याविरुद्ध बहिष्काराची चळवळ उभारली. हा कर हटायला १९२५ चा डिसेंबर उजाडला. १९०५ साली बंगभंगाच्या निर्णयानंतर ७ ऑगस्टला कलकत्त्यात स्वदेशीची घोषणा झाली आणि त्याच वर्षी पुण्यात तरुण सावरकरांच्या पुढाकाराने विलायती कापडाची होळी पेटली. तिथे स्वतः टिळक उपस्थित होते.

पुढे गांधीजींनी चरख्यालाच राष्ट्राचे चिन्ह केले. पण तो चरखा सापडायला किती कष्ट पडले! ‘हिंद स्वराज्य’ लिहिताना आपण चरखा किंवा हातमाग पाहिल्याचे आठवत नाही, असे त्यांनी आत्मकथेत प्रांजळपणे लिहिले आहे. बऱ्याच शोधानंतर गंगाबेन मजमुदार यांना बडोदे संस्थानातील विजापूर येथे, माळ्यावर टाकून दिलेले चरखे आढळले. ज्या देशाच्या घराघरांत चरखा फिरत होता, तिथे तो हुडकावा लागला. शांतिपूरच्या त्या विधवेचे पत्र किती खरे होते, हे यावरून कळते.

इथेही एक अवघड सत्य आहे. हातसूत कच्चे असे, मागावर वारंवार तुटे. म्हणून अनेक विणकर खादीच्या सुताला नाखूष होते. त्यांना गिरणीचे घट्ट सूत हवे असे. चरखा वाचवणे आणि विणकर वाचवणे ही दोन उद्दिष्टे नेहमीच एका दिशेने गेली नाहीत. भावना कितीही उदात्त असली, तरी कारागिराच्या रोजच्या अडचणीचा विचार तिला करावाच लागतो.

आज काय करायचे?

स्वातंत्र्य मिळाले, जकातीचा अधिकार आपल्या हाती आला. १९८५ साली काही वस्त्रप्रकार हातमागासाठी राखून ठेवणारा कायदा झाला. २०१५ पासून ७ ऑगस्ट हा राष्ट्रीय हातमाग दिन म्हणून पाळला जातो. २०१९-२० च्या हातमाग गणनेनुसार देशात सुमारे ३५ लाख लोक या व्यवसायात आहेत आणि त्यांतील बहुसंख्य स्त्रिया आहेत. म्हणजे माग अजून चालू आहे आणि ज्या स्त्रीच्या हातून चरखा गेला, तिच्याच हाती आज धोटा आहे.

परंतु आज विणकराच्या पोटावर येणारा पाय परक्याचाच असतो असे नाही. यंत्रमागावरची नक्कल हातमागाची म्हणून विकली जाते, ती आपल्याच पेठेत. पैठणीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तरी लग्नाच्या बस्त्यात अस्सल आणि नक्कल यांतला भेद विचारणारे किती निघतात? उलटी बाजू पाहिली तर हातमागाच्या साडीचे धागे मागे मोकळे दिसले, विणीत किंचित असमानता आढळली, तर आपण तिलाच दोष ठरवून भाव पाडतो. वास्तविक ती माणसाच्या हाताची खूण असते.

गुमास्त्याने विणकराचा नाही म्हणण्याचा अधिकार हिरावून घेतला होता. गिऱ्हाइकाचा तो अधिकार मात्र कोणत्याही सत्तेला हिरावून घेता आला नाही आणि विणकर जगला तो त्याच्याच बळावर. हा अधिकार आजही आपल्यापाशी आहे. वर्षातून निदान एक वस्त्र हातमागाचे घ्यावे. घेताना ते कोणत्या गावचे, कोणी विणलेले, हे विचारावे. मुलांना एकदा तरी येवल्याचा, सोलापूरचा चालता माग दाखवावा. आणि पुढच्या वेळी कोणी अंगठ्यांची गोष्ट सांगू लागला, तर त्याला थांबवून खरी गोष्ट सांगावी. ती दंतकथेपेक्षा लांब आहे, तिच्यात जकातीचे आकडे आहेत, कातणाऱ्या विधवेचे पत्र आहे, अठरा खंडांची पोथी आहे. पण तिचा शेवट वेगळा आहे. दंतकथेत विणकराचा हात कायमचा थांबतो. इतिहासात तो थांबलेला नाही.